ओठ माझे, आवाज पुण्याचा

परवा आमच्या धाड गावच्या बाजारात हिरव्या मिरच्या निवडत बसले होते आणि पाठीमागून माझाच आवाज आला. "अहो, ऐकलंत का? तिला शिकू द्या! माझ्यासारखं चुलीपुढे आयुष्य काढायला लावू नका तिला!" हातातल्या मिरच्या टोपल्यात परत पडल्या आणि उजवा हात आपोआप छातीशी गेला, पदर धरायला. अंगावर पंजाबी ड्रेस होता, पदर कुठून येणार! मिरचीवाली माझ्याकडे बघतच राहिली. "काय झालं व ताई? छातीत दुखून राह्यलं का?" तिनं विचारलं. मी हसून पाव किलो मिरच्या घेतल्या, खरं तर मला छटाकभरच हव्या होत्या.

माझाच आवाज म्हणाले खरी, पण तो माझा नाही. कोणाचा आहे ते मला बारा वर्षांत कळलेलं नाही. पुण्यातल्या कुठल्याशा स्टुडिओत कुणा बाईनं ती वाक्यं बोलून ठेवली, आमच्या विजूभाऊंनी ती पेनड्राइव्हवर घालून आणली आणि एका गणपतीचे दहा दिवस मी त्या आवाजावर ओठ हलवले. विजूभाऊंचा मंडप आणि भोंग्यांचा धंदा आहे. माणूस काही टाकून देत नाही. तो पेनड्राइव्ह त्यांनी अजून जपून ठेवलाय, आणि यंदा पुन्हा तोच देखावा करायचं ठरलंय, म्हणून बाजारात भोंग्यांची चाचणी चालू होती.

भादवा हा आमच्याकडे तसा मोकळा महिना. मूग घरात आलेला असतो, उडीद गच्चीवर वाळत पडलेला असतो, सोयाबीन अजून हिरवं, शेंगा नुसत्या भरत असतात. दुपारी डोकं भणभणेल असं ऊन, आणि चारच्या सुमारास दहा मिनिटांची सर येऊन मंडपाचं कापड ओलं करून जाते. ओलं कापड, नवा डिस्टेंपर आणि जनरेटरचं डिझेल यांचा वास एकत्र आला की माझे ओठ अजूनही आपोआप हलायला लागतात. लोकांना गणपती म्हटलं की मोदक आठवतात. मला डिझेल आठवतं.

सजीव देखावा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गणपतीच्या शेजारी एक छोटं स्टेज बांधतात, त्यावर एखादा प्रसंग, आणि त्यात गावातलीच माणसं. बोलणं मात्र सगळं रेकॉर्ड केलेलं. भोंग्यातून संवाद येतात, स्टेजवरच्यांनी त्यावर ओठ हलवायचे, हातवारे करायचे, वेळ आली की रडायचं. बारा मिनिटांचा प्रसंग, एका संध्याकाळी आठ वेळा. आमच्या प्रसंगात बाप सोळाव्या वर्षीच मुलीचं लग्न ठरवतो आणि आई आडवी येते. आईचं काम करणार होती ती अंगणवाडीची बाई ऐन वेळी तापानं पडली. मी तेव्हा तेवीस वर्षांची, बी. ए. होऊन घरी बसलेली. विजूभाऊंच्या बायकोला मदत म्हणून मखराच्या झालरी शिवायला गेले होते. भाऊंनी झालर माझ्या हातातून काढून घेतली. "शिला, तू उभी राय. बोलाचं काही नाही. नुसतं थोबाड हलवाचं."

घरी विचारलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न तोच होता. "बोलाचं नाही ना? मंग जाय." तिच्या लेखी न बोलता उभं राहण्यात काही वावगं नव्हतं, लग्नात करवल्या राहतातच की तशा.

विजूभाऊंची शिकवायची एक पद्धत होती. नवखा माणूस ओठ हलवता हलवता हळूच खरं बोलायला लागतो, आणि मग समोरच्या पोरांना दोन आवाज ऐकू येतात, ती हसतात. म्हणून भाऊ प्रत्येकाच्या जिभेखाली एक संत्र्याची गोळी ठेवायला लावायचे. गोळी हलता कामा नये. हलली, दातावर वाजली, की समजायचं गळा चालू झाला. "गळ्याले कुलूप लाव," भाऊ म्हणायचे, "चेहरा उघडा ठेव." दहा दिवसांत मी ऐंशी गोळ्या विरघळवल्या असतील. नवव्या दिवशी माझी जीभ नारिंगी होती आणि मी त्या कामात पटाईत झाले होते. पुण्याची बाई कुठल्या शब्दाआधी श्वास घेते, कुठे तिचा आवाज जरासा चिरकतो, 'आयुष्य' म्हणताना ती 'युष्य'वर किती थांबते, सगळं मला पाठ झालं. ती रडायला लागायच्या अर्धा क्षण आधी माझे डोळे भरायचे. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. एवढ्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं, आणि मला ते फार म्हणजे फार आवडलं. खोटं कशाला बोलू!

आई शेवटच्या दिवशी बघायला आली. घरी जाताना म्हणाली, "चांगली रडली तू. पन ते बोलनारी बाई कोन व्हती? लय शिकलेली वाटते." मला त्या बाईचा राग आला. माझे डोळे, माझे हात, माझं रडणं, आणि कौतुक तिचं!

यंदा आईचं काम करायला एक कॉलेजातली मुलगी घेतलीय. मिरच्या घेऊन मी मंडपात डोकावले तर ती जिभेखाली गोळी ठेवून उभी, एक गाल किंचित फुगलेला. मला पाहून गोळी हातात काढून म्हणाली, "ताई, तुमी बी इथूनच सुरू केलं ना? मले बी नाटकात जायचं हाय. काय करू सांगा ना." मी काहीतरी गुळमुळीत बोलले, मेहनत कर वगैरे, आणि निघाले. मी ज्या कृषी केंद्रात नोकरीला आहे तिथे दिवसभर फवारणीची औषधं देता देता तिचा प्रश्न डोक्यात फिरत राहिला. मी गेली बारा वर्षं दर हिवाळ्यात नाटकात काम करते, दोनदा टीव्हीवर दिसलेय, एकदा तर चार वाक्यं होती. तरी माझं सुरू कुठून झालं ते मला एका वाक्यात सांगता येईना. गोळीपासून तर नक्कीच नाही.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला बुलढाण्याहून सुनंदा मॅडम आमच्या गावी आल्या होत्या. मॅडम तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायच्या आणि दरवर्षी हौशी नाट्यस्पर्धेसाठी स्वतः लिहून एक नाटक बसवायच्या. पुरणपोळी जेवून, जडावलेल्या डोळ्यांनी त्या देखाव्यासमोर उभ्या राहिल्या आणि लागोपाठ तीन खेळ पाहिले. चौथ्या खेळाआधी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुझा चेहरा मला हवाय. रविवारी बुलढाण्याला येशील?" त्यांनी वहीतलं एक पान फाडून दिलं. नाटकातल्या थोरल्या बहिणीचं भाषण होतं ते. मी ते इतकं पाठ केलं की झोपेतही ओठ हलत असतील.

बुलढाण्याला जीपनं गेले. बुलढाणा उंचावर, तिथे पोचल्यावर हवा गार लागली, आणि मला वाटलं माझं नशीबच बदललं. शाळेच्या हॉलमध्ये सात-आठ जण गोल करून बसले होते. चहा आला. "मले साखर कमी द्या," मी म्हणाले, आणि धाकट्या बहिणीचं काम करणारी मुलगी ओठ दाबून हसली. ती पुण्याला दोन वर्षं राहून आली होती. वाईट नव्हती बिचारी, पुढे माझी चांगली मैत्रीण झाली, पण ते हसणं माझ्या कानामागे चिकटून बसलं.

मग मॅडम म्हणाल्या, "हं, शिला. कर सुरू."

मी उठले, पर्समधून संत्र्याची गोळी काढली, जिभेखाली ठेवली, आणि सुरू केलं. सगळं पान केलं. धाकटी आईला शहरात न्यायला आलीय, थोरली गावात एकटी राहणार आहे, आणि ती धाकटीला विनवते, भांडते, शेवटी खाली बसते. मी विनवलं, भांडले, खाली बसले. डोळ्यांतून खरं पाणी आलं. हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, जिंकलं आपण. तेवढ्यात मागून लाइटवाले काका म्हणाले, "पोरी, आवाज वाढव की जरा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं. मग, देवाशपथ, मी विचारलं, "मॅडम, ट्रॅक कोन लावनार हाय?"

असं हसू फुटलं की खिडकीतलं कबूतर उडालं. नाटकात बोलायचं असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण माझ्या अंगाला ते माहीत नव्हतं. अंगानं एकच शिकलं होतं, गळ्याला कुलूप आणि चेहरा उघडा. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "गोळी थुंक. पुन्हा."

पुन्हा केलं, या वेळी आवाज काढून. पहिल्या दोन वाक्यांतच मला कळलं की हा आवाज ओळखीचा आहे. 'आयुष्य' हा शब्द आला आणि मी 'युष्य'वर तेवढीच थांबले. मॅडमनी हात वर केला. "हे कोण बोलतंय?" "मीच," मी म्हणाले. "तू नाहीस. मघाशी चहात साखर कमी मागितली ती कोण होती? मला ती पाहिजे." ती देण्याची माझी अजिबात तयारी नव्हती. तिला तर सगळे हसले होते.

मॅडमनी स्वच्छ सांगितलं. "दसऱ्यानंतरच्या रविवारी पुन्हा ये. तोवर तुझा स्वतःचा आवाज घेऊन आलीस तर काम तुझं. नाही तर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल. स्पर्धा जवळ आलीय, माझाही इलाज नाही." दुसरी मुलगी भिंतीशी बसून ऐकत होती. तिचा आवाज चांगला खणखणीत होता.

परत येताना जीपमध्ये माझ्याशिवाय चौदा माणसं होती आणि चौदाही बोलत होती. कुणाच्या सासूचं ऑपरेशन, कुणाच्या बैलाचा सौदा, कुणाला तरी फोनवर शिव्या. मी एकटी गप्प. मला ते काम हवं होतं. बी. ए.ला पहिला वर्ग हवा होता, नोकरी हवी होती, पण त्या हवं असण्यात आणि या हवं असण्यात मोठा फरक होता. हे गेलं तर मी जन्मभर कुणाच्या तरी आवाजावर ओठ हलवत राहीन, याची मला त्या जीपमध्ये खात्री पटली, आणि भीती वाटली.

आश्विन उजाडला आणि सोयाबीन पिवळं पडलं. आमच्याकडे सोयाबीनच्या कापणीला सोंगणी म्हणतात. पान गळून जातं, नुसत्या तपकिरी शेंगांच्या काड्या उभ्या राहतात, आणि चार दिवस उशीर केला तर शेंगा उन्हात तडतड फुटून दाणे मातीत जातात. त्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस विळा घेऊन बाहेर पडतं. आमचं तीन एकर दोन दिवसांत उरकलं, मग आई नेहमीप्रमाणे लंकाबाईच्या टोळीत दुसऱ्यांच्या शेतात जायला लागली आणि मलाही घेऊन गेली. टोळीत लंकाबाई आणि आई धरून नऊ बाया, आणि दहावी मी. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, हातात जुने पायमोजे चढवायचे, तरी शेंगांची टोकं आत घुसतातच. अजूनही त्या दिवसांची आठवण आली की मी बोटांची टोकं एकमेकांवर घासून बघते.

लंकाबाईचा आवाज सगळ्या शिवारात प्रसिद्ध. विहारात वंदना तीच म्हणायची, आणि तिनं सुरू केलं की भोंग्याची गरज नसे. पन्नाशीची, उंच, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शेतातला माणूस "काय झालं?" म्हणून धावत येई. मी तिच्या शेजारची ओळ धरली होती, आणि वाकून कापता कापता तोंडातल्या तोंडात भाषण घोकत होते. "तू आईला घेऊन जाशील, आणि मी काय करू? मी कोणाशी बोलू?"

लंकाबाईचा विळा थांबला. "कोन घेऊन जाते तुह्या मायले?"

आई पलीकडच्या ओळीत होती, तीही उभी राहिली. "मले कोन नेते? काय बोलून राह्यली व ही?"

मी ओशाळून सांगितलं, नाटक आहे, पाठ करतेय. दोन बहिणी आहेत, धाकटी शहरात राहते, आईला न्यायला आलीय. लंकाबाईनं कमरेवर हात ठेवून सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग थोरली काऊन नाही जात संग?"

"तिचं शेत हाय अठी. आन् तिले शहर नाही आवडत."

"मंग मायले इचारलं का कोनी? माय काय म्हनते?"

मॅडमच्या नाटकात आई आतल्या खोलीत झोपलेली असते, तिला एकही वाक्य नाही. हे सांगितल्यावर टोळीत जो कल्ला झाला तो काय सांगू! अर्ध्या बाया थोरलीच्या बाजूच्या, अर्ध्या धाकटीच्या. एकीची स्वतःची मुलगी नाशिकला होती, ती म्हणाली, "लहानीचंबी बरोबर हाय. अठी म्हातारीले दवाखान्यात कोन नेईन?" माझी आई थोरलीच्या बाजूची. विळे चालत होते, ओळी पुढे सरकत होत्या आणि दहा जणी एका न घडलेल्या गोष्टीवरून भांडत होत्या. मग लंकाबाईनंच धाकटीचं काम अंगावर घेतलं. "हे पाय ताई," माझ्याकडे वळून ती ठणकावून म्हणाली, "तू सात वर्षं ठेवली मायले. आता मले ठेवू दे. माहा काहीच हक्क नाही का?"

हे वाक्य वहीच्या पानावर नव्हतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, उन्हानं बारीक झालेल्या डोळ्यांनी, खरंच उत्तर मागत. मी म्हणाले, "हक्क हाय व तुहा. पन तुह्या घरी चार मानसं बोलाले हाय. माह्या घरी एकलीच माय हाय. थे गेली तं मी कोनासंग बोलू?"

"हां," लंकाबाई म्हणाली आणि परत कापायला वाकली. "आता आलं मले ध्यानात."

मी तिथेच उभी राहिले. गळ्यातून काय निघालं ते माझ्या कानांनी ऐकलं होतं. ते मोठं नव्हतं, छानही नव्हतं, शेवटी थोडं फाटलं होतं. त्यात पुण्याची बाई कुठेच नव्हती. देखाव्यात ऐंशी वेळा मी रडले, पण मला कधी कुणी उलटून विचारलं नव्हतं. भोंग्याला कोण उलटून विचारणार? इथे माझ्या बोलण्यानं एका बाईचा विळा थांबला होता, आणि तिचं उत्तर आल्यावर मला पुढचं बोलावंच लागलं होतं. मला इतका आनंद झाला की मी बोट कापून घेतलं.

त्यानंतर आठ दिवस शेतं बदलत गेली आणि भांडण तेच राहिलं. सकाळी पाणी पिऊन विळे हातात घेतले की कुणीतरी म्हणायचंच, "काल कुठी आलो व्हतो आपन? लहानी रुसून बसली व्हती ना?" "हाव!" बाकीच्या म्हणायच्या; आमच्याकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात. ढगाळ आलं की सगळ्या ताडपत्रीकडे धावायच्या, कापलेले ढीग झाकायच्या, आणि ताडपत्रीची टोकं धरून उभ्या उभ्याही धाकटीला सल्ले द्यायच्या. कुणालाही मी अभिनय करतेय असं वाटत नव्हतं. मलाही वाटेनासं झालं. एक दिवस लंकाबाईनं मला दम दिला, "खाली पाहून काहाले बोलतं? माह्याकडे पाय. मले आयकू आलं पायजे. त्या गंजीले काय सांगून राह्यली!" पुढे मी मोठ्या शहरातल्या दोन शिबिरांना जाऊन आले. तिथे श्वासाचे, पोटातून आवाज काढायचे, समोरच्याला प्रतिसाद द्यायचे खूप काही शिकवतात, आणि ते खोटं नाही. पण तिथले सर बोलायला लागले की मला सारखं वाटायचं, हे तर मला दुपारी बाराच्या उन्हात कुणीतरी सांगितलंय.

एक कबुली द्यायची राहिली. जायच्या आदल्या दिवसापर्यंत मी ठरवत होते की बुलढाण्याला मात्र शुद्ध बोलायचं. शेतात ठीक आहे, पण स्पर्धेत 'कोनासंग' म्हटलं तर ती पुण्याला राहून आलेली पुन्हा हसेल. जीपमध्ये बसेपर्यंत मी दोन्ही तऱ्हांनी घोकत होते. हॉलमध्ये मॅडमनी तिला माझ्यासमोर उभं केलं. मी तोंड उघडलं, "तू आईला..." म्हटलं, आणि समोर त्या मुलीचे डोळे दिसले. रिकामे, माझं वाक्य संपायची वाट बघणारे. हिला तर मी काही विचारतच नाहीये, मला वाटलं. मी थांबले. तिचा हात धरला. "तू मायले घेऊन जाशीन," मी म्हणाले, "मंग मी कोनासंग बोलू व?"

ती मुलगी हसली नाही. तिचं पुढचं वाक्य तिला आठवेना. "ताई, अगं पण..." एवढंच म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. लाइटवाल्या काकांनी मागून मान डोलावली. मॅडमनी वही मिटली. मग थोरलीची सगळी वाक्यं त्यांनी माझ्याकडून पहिल्यापासून बोलून घेतली आणि माझ्या शब्दांत नव्यानं लिहून काढली. आतल्या खोलीतल्या आईला टोळीनं काय काय म्हणायला लावलं होतं तेही मी सांगितलं. मॅडम बराच वेळ पेन्सिल चावत बसल्या. शेवटी आईला त्यांनी एक खोकला दिला. मला तेवढ्यावर टोळीपुढे जायची लाज वाटली, पण काम मिळालं होतं.

स्पर्धेत आम्हाला काहीही मिळालं नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघणार नाही. प्रयोग बुलढाण्यातच होता, दुपारी चारचा. सोंगणी संपली होती, मळणीयंत्रं गावागावांत घरघरत होती, हवेत भुशाचा वास होता. लंकाबाईनं एक जीप ठरवली आणि अख्खी टोळी घेऊन आली. ती पांढऱ्या साडीत होती, माझी आई दिवाळीच्या साडीत. सभागृहाच्या खुर्च्यांवर त्या मधल्या रांगेत बसल्या, पाय वर घ्यावेत की खाली सोडावेत या विचारात. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. माझ्या जिभेखाली काही नव्हतं आणि जीभ कुठे ठेवायची ते मला कळत नव्हतं.

पडदा वर गेला. पहिली दहा मिनिटं मला काहीही आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच की दिव्यांपलीकडे गच्च अंधार होता आणि त्या अंधारात कोण आहे हे मला पक्कं माहीत होतं. आतून आई खोकली. धाकटीनं पिशवी उचलली. मी तिच्या वाटेत जाऊन उभी राहिले, मॅडमनी शिकवलं होतं तशी, आणि विचारलं, "तू मायले घेऊन जाशीन, मंग मी कोनासंग बोलू व?"

इथे धाकटीनं मान खाली घालायची होती. तिनं घातली. आणि अंधारातून, मधल्या रांगेतून, सगळ्या शिवारानं ऐकला असता असा आवाज आला, "माह्यासंग बोल व बाई! मी हाय ना अठी!"

सभागृह हललं. कुणी हसलं, कुणी 'शूऽऽ' केलं, पहिल्या रांगेतल्या परीक्षकांनी मागे वळून पाहिलं. विंगेत मॅडमनी कपाळाला हात लावला. धाकटीनं घाबरून माझ्याकडे पाहिलं, कारण वहीत पुढे तिचंच वाक्य होतं आणि ते आता कुणाच्याच कामाचं नव्हतं. मला राग यायला हवा होता. झाला आनंदच. मी धाकटीच्या वाटेतून बाजूला झाले, स्टेजच्या कडेशी आले आणि अंधाराकडे तोंड केलं.

"बोलतो माय," मी म्हणाले. "तुह्यासंगच बोलतो. पन तुमी साऱ्याजनी मधात मधात हाव म्हना, म्हनजे मले समजंन तुमाले आयकू येऊन राह्यलं."

आणि मधल्या रांगेतून नऊ बायांनी एकदम म्हटलं, "हाव!"